पिशवी टेबलावर रिकामी करा

रत्नागिरीत औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे माझी एकतीस वर्षं गेली. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी आले की घरातल्या पोटुशी बाईसाठी काही ना काही येतंच. कुणी डबा आणतो, कुणी बाटली, आखातात नोकरीला असलेला भाऊ असेल तर परदेशी गोळ्यांची बरणी. मग पंधरा दिवसांनी तोच डबा किंवा बाटली घेऊन कुणीतरी दुकानात येतं आणि विचारतं, "हे असंच दुसरं आहे का तुमच्याकडे?"

अशाच एका भाद्रपदात, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, एक सून सासूला घेऊन आली. पाचवा महिना होता. पोट साफ होत नाही, मळमळ थांबत नाही, तेव्हा "काहीतरी सौम्य द्या" एवढीच मागणी. मी सवयीने विचारलं, "सध्या काय काय घेतेस?" ती म्हणाली, "काही नाही. सरकारी गोळ्या तेवढ्या." सासूबाईंनी मात्र हातातली कापडी पिशवी काउंटरवर सरळ पालथी केली. आशाताईने दिलेल्या लाल गोळ्यांच्या तीन पट्ट्या, त्यातल्या दोन न फोडलेल्या. खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची दुसरी गोळी. कॅल्शियम. व्हॅनिलाच्या वासाची प्रथिनांची पावडर. दुबईहून आलेली मल्टिव्हिटॅमिनची बरणी. कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या, पारदर्शक कॅप्सूल. शतावरी कल्प. तपकिरी बाटलीतला कुठलासा काढा. केशराची डबी. आणि वर्तमानपत्राच्या कागदात दोऱ्याने बांधलेली एक पुडी. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. ती गुरुवारी दुधातून घ्यायची असं सांगितलेलं.

एकूण दहा वस्तू, आणि उत्तर होतं "काही नाही"!

ती मुलगी खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी डब्यात होतं ते खाणं, बाटलीत होतं ते टॉनिक, केशर तर घरचंच, आणि पुडी म्हणजे श्रद्धेचा विषय. यातलं 'औषध' असं तिला एकच वाटत होतं, आणि नेमकं तेच ती घेत नव्हती. त्या दिवशी मी तिला सौम्य काही दिलं नाही. दहाही वस्तूंची यादी एका कागदावर लिहिली आणि ती घेऊन तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं. ही पुस्तिका त्या कागदापासून सुरू झाली.

गरोदरपणात घेतली जाणारी जीवनसत्त्वं, टॉनिकं, काढे, कल्प आणि चूर्णं किती सुरक्षित, हा या पुस्तिकेचा विषय. पुढच्या पानांत एकेका वस्तूची माहिती आहे. प्रस्तावनेत मला फक्त एक गोष्ट पटवून द्यायची आहे. धोका बहुतेक वेळा एकेकट्या वस्तूत कमी आणि न झालेल्या बेरजेत जास्त असतो. सरकारी केंद्र आपलं देतं, खासगी डॉक्टर आपलं लिहितात, वैद्य आपलं सांगतात, घरचे आपलं आणतात. सगळ्यांची गाठ पडते ती त्या एका पोटात, आणि तिथं हिशेब ठेवायला कुणी बसलेलं नसतं.

आधी पूरक गोळ्यांच्या बाजूने बोलते, कारण "गोळ्या म्हणजे केमिकल, त्या नकोतच" असं म्हणणारी मंडळीही आपल्याकडे कमी नाहीत. फोलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना एक विचित्र पांडुरोग होत होता आणि त्यात अनेकींचा जीव जात होता. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, रुग्ण स्त्रिया काय खातात ते बारकाईने पाहिलं. आजार गरिबीशी आणि भाजी-फळं-प्रथिनं नसलेल्या जेवणाशी बांधलेला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. उपाय सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे यीस्टच्या अर्कात. पावाला लावून खायचा हा स्वस्तातला पदार्थ त्या बायांना दिल्यावर रक्त भरून येऊ लागलं. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. त्या अर्कातला गुण कशाचा हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याला कित्येक वर्षं 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. पुढे १९४५ च्या सुमारास अमेरिकेत तो कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्या काळी गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा भरणा मोठा होता, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आपल्याच माणसांच्या चाळींच्या आसपास हा शोध लागला.

फोलिक ॲसिडचा दुसरा गुण पुढे साठ वर्षांनी सिद्ध झाला. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहतो किंवा कवटीच घडत नाही. ज्यांना असं मूल आधी झालं होतं अशा स्त्रियांवर सात देशांत मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९१ मध्ये आला: गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतलेल्यांमध्ये हे व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ज्यांना असा पूर्वेतिहास नाही त्यांच्यासाठी मात्रा याच्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम. इथं मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. बहुतेक घरांत तोवर "बघू, पुढच्या आठवड्यात जाऊ डॉक्टरकडे" एवढंच चाललेलं असतं. म्हणून ही गोळी दिवस राहायच्या आधीच सुरू व्हायला हवी. मे महिन्यात लग्न करणाऱ्या मुलींना मी आहेराच्या पाकिटाबरोबर हा सल्लाही देते. त्या लाजतात, पण ऐकतात.

आता लोहाकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या दर शंभर गरोदर स्त्रियांत सुमारे ४६ जणींना रक्तक्षय आढळला. त्यावर सरकारचा उपाय म्हणजे ती लाल, साखरेचा लेप दिलेली गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. ती फुकट मिळते, आणि फुकटाची म्हणूनच बहुधा कपाटात पडून राहते. तिच्याबद्दलच्या समजुती मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता पाठ झाल्यात: बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, गोळीची उष्णता होते. बाळाच्या रंगाशी लोहाचा काही संबंध नाही. काळं होतं ते शौच, आणि ते न शोषलेल्या लोहामुळे. त्याने घाबरायचं कारण नाही. खडा होतो हे मात्र खरं. त्यावर पाणी, पालेभाजी, गोळीची वेळ बदलणं असे उपाय आहेत, आणि त्यानेही भागलं नाही तर डॉक्टर गोळी बदलून देतात. आपल्या मनाने एक सोडून दुसरी सुरू करणं किंवा दोन्ही एकदम घेणं हा उपाय नव्हे. त्या मुलीच्या पिशवीत लोहाच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या होत्या. एक नेमाने चालू होती, दुसरी बंद. चालू कुठली ठेवायची हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

लोह घ्यायचं तर चहाशी त्याचा छत्तीसचा आकडा आहे, हे लक्षात ठेवावं. कोकणातली सकाळ चहाशिवाय उजाडत नाही आणि गोळीही सकाळीच आठवते. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. गोळी आणि चहा यांच्यात तास-दीड तास जाऊ द्यावा, गोळीबरोबर लिंबाचं सरबत किंवा आवळा चालेल. कॅल्शियमही लोहाच्या वाटेत येतं, म्हणून सरकारी नियमातही कॅल्शियमच्या दोन गोळ्या जेवणाबरोबर आणि लोह वेगळ्या वेळी असं सांगितलं आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तर या दोन्हींपासून ती चार तास लांब ठेवावी, नाहीतर ती घेऊन न घेतल्यासारखीच. आणि घरात लहान मूल असेल तर ती लाल गोड पट्टी त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. मुलाला ती गोळी चॉकलेटासारखी दिसते, आणि मूठभर गोळ्यांतलं लोह लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जीवनसत्त्व चांगलं, तर जितकं जास्त तितकं बरं. या समजाला उत्तर आपल्याच पुण्यातून मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर मोजमापं घेतली, तेव्हा ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडच्याच जातीचं जीवनसत्त्व) भरपूर पण ब१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट आहे. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. फोलिक ॲसिड सोडा असा याचा अर्थ मुळीच नाही. जोडीला ब१२ आहे का ते पाहा, एवढंच त्यातून घ्यायचं. मासे खाणाऱ्या घरात बांगडा-तारली ते काम करतात. शाकाहारी घरातल्या मुलीने मात्र दूध-दही पुरेसं होतंय का आणि गोळी लागते का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. नाचणीत कॅल्शियम उदंड, पण ब१२ नाही.

अ जीवनसत्त्वाचा तोल तर त्याहून नाजूक. ते कमी पडलं तर आईला रातांधळेपणा येतो. जास्त झालं तर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या चेहऱ्याची, कवटीची आणि हृदयाची घडण बिघडू शकते. १९९५ मध्ये अमेरिकेत २२ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची माहिती तपासली गेली. रोज दहा हजार युनिटपेक्षा जास्त तयार अ जीवनसत्त्व पूरक गोळ्यांतून घेणाऱ्यांमध्ये अशा व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. दहा हजार युनिट म्हणजे तीन मिलिग्रॅम, चिमटीतही न येणारी भुकटी. गाजर, भोपळा, आंबा यांतलं कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं, त्याची ही भीती नाही. हापूस मनसोक्त खा. भीती आहे ती माशाच्या यकृताच्या तेलाची आणि परदेशी बरण्यांची. दुबईच्या बरणीवर अ जीवनसत्त्व होतं आणि पिवळ्या कॅप्सूलच्या डबीवरही होतं. दोन्ही आकडे छापलेले होते, पण ते एकत्र कुणी मांडले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात कॉड लिव्हर ऑइलची आयात थांबली तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल काढलं जाऊ लागलं. कॉडपेक्षा त्यात अ जीवनसत्त्व कितीतरी जास्त. तोच मासा आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून आवर्जून घातला जातो. मोरी ही मोठी शिकारी मासळी, तिच्या अंगात आयुष्यभराचा पारा साचत जातो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना शार्क टाळायलाच सांगतं. छोटा बांगडा असताना मोरीचा आग्रह कशाला?

क आणि ई जीवनसत्त्वांवर तर भाबडेपणाने विश्वास ठेवला गेला होता. मोठ्या मात्रेत दिली तर गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार टळेल असं वाटत होतं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने २००६ मध्ये सांगितलं की तो टळत नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. आजही माझ्याकडे "व्हिटॅमिन सी जरा स्ट्राँग द्या" अशी मागणी येते.

आता वनस्पतींकडे. "आमचं झाडपाल्याचं आहे, त्याला काय अपाय?" हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. खरा प्रश्न आहे तो स्वयंपाकघर आणि कॅप्सूल यांतल्या अंतराचा. आपल्या घरातलं आमसूल घ्या. सोलकढी प्यायल्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण आमसुलाच्या जातकुळीतल्या, पश्चिम घाटात वाढणाऱ्या एका झाडाच्या सालीतलं आम्ल अर्करूपात कोंबून जगभर वजन घटवायच्या गोळ्या विकल्या जातात, आणि त्या घेणाऱ्यांना यकृताची गंभीर इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. दोघांतलं रसायन एकच, फरक मात्रेचा. हळदीचंही तसंच. भाजीतली चिमूटभर वेगळी आणि मिरीच्या अर्कासह कॅप्सूलमध्ये भरलेली वेगळी.

खोकला आला की आपण ज्येष्ठमधाची कांडी चघळतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची गोळी-मिठाई फार खाल्ली जाते, म्हणून तिथे यावर बारकाईने काम झालं. गरोदरपणात ती फार खाणाऱ्यांची प्रसूती लवकर होण्याचं प्रमाण अधिक दिसलं. पुढे त्यांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांतही फरक आढळला. तिथल्या सरकारी सल्ल्यात आता गरोदर स्त्रियांनी ती मोठ्या प्रमाणात टाळावी असं लिहिलं आहे. अश्वगंधा हल्ली झोपेसाठी, ताणासाठी सर्रास विकत घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात ती गरोदरपणी वर्ज्य सांगितली आहे, आणि डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. गुळवेल आपल्या प्रत्येक गडग्यावर चढलेली असते. कोविडच्या काळात तिचा काढा घरोघरी उकळला. २०२१ मध्ये डॉ. आभा नगरळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल असा आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण गडग्यावरची वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, हे तर दोन्ही बाजूंना मान्य आहे. मग पोटुशीच्या काढ्यात ती घालताना आपण इतके निर्धास्त कसे?

आजीच्या ज्ञानाला मी हसत नाही. त्यात एक बारकावा आहे आणि तो आपण विसरत चाललोय. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळंतबोळ ही बाळंतिणीची खाद्यं आणि औषधं. जुन्या बायका ती बाळंत झाल्यावर देत, पोटुशी असताना अळिवाला हात लावू देत नसत. आता दुकानात 'मातांसाठी' अशी एकच चिठ्ठी लावून सगळं मिळतं, आणि सातव्या महिन्यातच अळिवाचे लाडू सुरू होतात. एरंडेलही कळा आणणारं, ते डॉक्टरांना न विचारता घ्यायचं नाही हे सुईणीला कळत होतं. पपईच्या बाबतीत मात्र आजीने जरा जास्तच धाक घातला. कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशयाला कळा आणण्याचा गुण आहे, पूर्ण पिकलेल्या पपईत तो दिसून आला नाही. केशराच्या दोन काड्यांनी कुणाचं वाईट होत नाही. बाळ गोरंही होत नाही. पैसे मात्र जातात.

वैद्यांबद्दल एक शब्द. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला काठोकाठ तेलाने भरलेल्या भांड्यासारखी सांभाळावी, असं सांगितलं आहे. तेल हिंदकळेल असं काही करायचं नाही, औषधही मृदू हवं. शिकलेला वैद्य हे पाळतो. तक्रार आहे ती वैद्याला न भेटता नुसत्या नावावरून घेतलेल्या औषधांची. आंब्याच्या मुलखात 'रस' म्हटलं की आपल्याला वाटी आठवते. रसशास्त्रात मात्र 'रस' म्हणजे पारा. गर्भपाल रसाच्या ग्रंथोक्त पाठात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि नागभस्म आहे. नाग म्हणजे शिसं. योग्य शोधन-मारण झालेली भस्मं निर्धोक असतात असं परंपरा मानते. पण न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं, आणि त्याचं मूळ भारतात बनलेल्या आयुर्वेदिक औषधांत निघालं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ही नोंद ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरतं. म्हणून नावात रस, भस्म, लोह, मंडूर असे शब्द दिसले तर ती बाटली वैद्याने स्वतः तपासून, लिहून दिल्याशिवाय उघडू नये.

आता त्या बिननावाच्या पुडीकडे. ती कशासाठी होती हे सासूबाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, कारण दोघींना ठाऊक होतं. 'मुलगा व्हावा' म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांत शिवलिंगीचं बी असतं. पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर लाल, पांढऱ्या रेघांची फळं धरणारी ती वेल. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झाला, तेव्हा ती घेतलेल्या मातांमध्ये जन्मजात व्यंग आणि मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसलं. काही नमुन्यांत जड धातूही सापडले. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्रपेशीवर, गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. पुडी दिली जाते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे लिंग ठरून गेल्यावर आणि हृदय-हातपाय घडत असताना. जे बदलायचं ते बदलत नाही, जे घडतंय ते मात्र बिघडू शकतं. गर्भाचं लिंग बदलण्याचा दावा करणारं औषध विकायला आपल्या औषध नियमांत मनाई आहे. पुडीवर नाव नसतं त्याचं हेही एक कारण.

नाव असलेल्या वस्तू तरी नीट वाचाव्यात. दुकानातल्या बाटल्या तीन जातींच्या असतात. पहिली औषध म्हणून परवाना घेतलेली. दुसरी आयुर्वेदिक औषध म्हणून. तिच्यात विषारी गणलेलं द्रव्य असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा छापणं बंधनकारक आहे. तिसरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असलेली. हे पूरक अन्न, आणि नियमांनुसार तिच्यावर ते औषधी उपयोगासाठी नाही असं लिहावं लागतं. गंमत अशी की समोर मोठ्या अक्षरांत गरोदर बाईचं हसरं चित्र असतं आणि हे वाक्य मागे, भिंगाशिवाय न दिसणारं. एकतीस वर्षांत अशा किती बाटल्या मी स्वतः हसतमुखाने विकल्या, त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. ही पुस्तिका त्या हिशेबातली थोडी परतफेड आहे.

पूरक आहाराचा विचार करताना ताट विसरू नये. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत झालेल्या 'सरस' प्रकल्पात दिवस राहण्याआधीपासून बायांना पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ दिला. त्या बायांमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण ७.३ टक्के राहिलं, इतरांमध्ये ते १२.४ टक्के होतं. आपल्या परसातला शेवगा, पावसातला टाकळा, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी आणि बाजारातली ताजी तारली या सगळ्यांचा दर मिळून महिन्याच्या एका डब्याइतकाही होत नाही.

ही पुस्तिका वाचून स्वतःच डॉक्टर होऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेली कुठलीही गोळी यातलं एखादं वाक्य वाचून बंद करू नका. आशाताईंनी ही पुस्तिका घरी न्यावी, सासूबाईंनी आधी वाचावी, नवऱ्यांनी तर नक्कीच वाचावी, कारण डबे तेच आणतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. त्या दिवशी घरातलं सगळं एका पिशवीत भरा. पट्टी, बरणी, बाटली, डबी, आणि ती पुडीसुद्धा. लाज, भीती, "डॉक्टर रागावतील" हे सगळं घरी ठेवा. केंद्रात गेल्यावर ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा आणि एकच विचारा: यातलं माझ्या बाळाला काय लागतं?